आठ घोड्यांचा स्पीकर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या महागड्या संगीतयंत्रणेवर लेख होता. फोटो झकास होते. लेखात म्हटलं होतं की घरात खरोखर चांगला आवाज हवा असेल तर निदान ३ लाखांची तयारी ठेवावी. मी चहाचा कप खाली ठेवला आणि पान उलटलं. मागे अर्धं पान जाहिरात. दोन उंच स्पीकर, रंगीत दिवे, ब्लूटूथ, ‘६००० वॅट पीएमपीओ’, किंमत ४,९९९ रुपये. एकाच कागदाची एक बाजू म्हणते, तीन लाखांखाली आवाजच नाही. दुसरी म्हणते, पाच हजारांत सहा हजार वॅट घ्या. दोन्ही बाजू चुकीच्या आहेत, एवढंच सांगायला हे पत्र. लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

आधी जाहिरात. त्याच जातीची जोडी माझ्या पुतण्यानं दिवाळीला आणली. मी तिचा ॲडॉप्टर उलटा करून वाचला. १२ व्होल्ट, २ अँपिअर. बारा दुणे चोवीस, म्हणजे भिंतीतून आत येतात २४ वॅट. त्यातले काही उष्णतेत जाणार. पंधरा-सोळा बाहेर पडले तरी डोक्यावरून पाणी. आता दुसऱ्या टोकाकडून बघा. ७४६ वॅटचा एक घोडा, म्हणजे हॉर्सपॉवर. ६००० ला ७४६ नं भागा, ८ घोडे येतात. कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजणारी आमच्याकडची विहिरीवरची मोटर ५ घोड्यांची. तिला थ्री फेज लागतो, स्टार्टर लागतो, आणि लाइट रात्री दोनला आली की माणूस बॅटरी घेऊन बांधावर पळतो. आणि हे आठ घोडे पुतण्याच्या टीपॉयवर, मोबाइलच्या चार्जरएवढ्या डबीवर उधळताहेत!

पीएमपीओ या आकड्याला ठरलेली मोजणीच नाही. निमिषमात्र, कल्पनेत, सगळं जुळून आलं तर किती, असं ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहायचं. खरा आकडा आरएमएस वॅटचा, जो यंत्र सतत देऊ शकतं. तो खोक्यावर बहुधा नसतो. असलाच तर मुंगीच्या अक्षरात.

मी मिरजेचा. १९७८ ते २०१५ रेल्वेच्या दूरसंचार विभागात होतो. कंट्रोलचे फोन, फलाटावरचे भोंगे, त्यांचे ॲम्प्लिफायर, हे माझं पोट. घरी आल्यावरही मी तेच करत बसायचो, त्याबद्दल सौभाग्यवतींचं मत वेगळ्या पत्राचा विषय आहे.

या नादाचं मूळ मात्र रेल्वेत नाही. तासगाव तालुक्यात माझं आजोळ. मामांकडे रेडिओ होता, त्याला जादा स्पीकर जोडलेला, आणि तो स्पीकर मामांनी पाण्याच्या रिकाम्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवलेला. सांगली आकाशवाणीवर भजन लागलं की मृदंगाचा घुमारा ओसरीभर पसरायचा. स्पीकर तोच. माठावरून उचलला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका. मी तो दिवसातून दहादा उचलायचो आणि ठेवायचो, शेवटी मामांनी पाठीत धपाटा घातला. कारण पुढे कळलं. पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबतो आणि मागची ओढतो. दोन्ही हवा कडेनं एकमेकींना भेटल्या की खालचे स्वर खलास. माठ त्यांची भेट होऊ देत नव्हता. स्पीकरच्या खोक्याचं सगळं शास्त्र त्या माठात होतं. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात साठ आणि सत्तरच्या दशकांत त्याचं गणित मांडलं. आज चांगल्या वूफरबरोबर, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरबरोबर, जो कागद येतो, त्यावरच्या तीन-चार आकड्यांवरून किती लिटरचं खोकं लागेल ते दहावीचा मुलगा काढू शकतो.

माझा पहिला ॲम्प्लिफायर ८१० चा. माझ्या पिढीतल्या कुणाही रेडिओ मेकॅनिकला विचारा, ‘आठशेदहा’ म्हटलं की त्याचे डोळे चमकतील. टीबीए ८१०, दोन बाजूंना पंख असलेली आयसी, म्हणजे चिप, फार तर ७ वॅट. त्या पंखांना तांब्याचे तुकडे डाखून आम्ही ती थंड ठेवायचो. घरोघरच्या टेपरेकॉर्डरमध्ये तीच होती. सात वॅटवर आमच्या चाळीतली लग्नं लागली, आणि कुणी तक्रार केली असेल तर मोठ्या आवाजाचीच केली.

वॅटचं गणित आणखी एका जागी फसवतं. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत मी ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खर्च होत नाही; उरलेले वॅट तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळीसाठी राखीव. १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडमधल्या मासिकात जॉन लिन्सली हूड यांनी एका बाजूला चारच ट्रान्झिस्टर लागणारा ॲम्प्लिफायर छापला. तो १० वॅटचा. अजूनही जगभर लोक तो घरी बांधतात. त्याच वर्षी दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सुरू झालं. त्याचे जुने अंक आमच्या विभागात हातोहात फिरून इतके मळायचे की सर्किटमधली रेघ कुठली आणि ग्रीसची कुठली, हे ताडून बघावं लागे. छापील कागदानं हा छंद वाढवला आहे, म्हणूनच छापील कागदाशी भांडतोय.

आता लेखाकडे येतो. तीन लाख.

निवृत्तीनंतर मी जे बांधलं त्याचा हिशेब वहीत आहे. एलएम ३८८६ या दोन आयसी, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. २४-०-२४ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, मुद्दाम गुंडाळून घेतलेला. १०,००० मायक्रोफॅरडचे चार कंडेन्सर. हीटसिंक भंगारातला, वजनावर. १८ मिलिमीटरच्या प्लायची दोन खोकी, साडेसहा इंची दोन वूफर, वरच्या स्वरांचे दोन ट्विटर, दोघांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या कॉइल घरी गुंडाळलेल्या. सगळं मिळून १२ हजारांच्या आतबाहेर. प्रत्येक बाजूला चाळीसेक वॅट, खरे. सुतारानं विचारलं, ‘अण्णा, जोडीनं देव्हारे कशाला?’

खोक्यांच्या बाबतीत मिरजेत राहिल्याचा फायदा आणि तोटा दोन्ही झाला. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनतात, हे आपण जाणताच. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणापासून मी तिथल्या ओट्यांवर बसलोय. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेला भोपळा हातात घेऊन, बोटाच्या पेरानं टकटक करून, कान लावून कारागीर तो निवडतो. भोपळा बोलला पाहिजे. मीही माझं पहिलं खोकं पातळ, हलकं, बोलणारं केलं. ते इतकं बोललं की सतार, व्हायोलिन, बातम्या, सगळं एकाच नाकातून. तंबोऱ्याचं अंग गातं कारण ते वाद्य आहे. स्पीकरच्या खोक्यानं गायचंच नसतं. त्यानं दुसऱ्याचं गाणं होऊ द्यायचं आणि आपण गप्प राहायचं. मग मी प्लाय जाड घेतला, आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, जुन्या गादीचा कापूस पिंजून भरला. टकटक केलं की भिजल्या पोत्यासारखा आवाज आला, तेव्हा थांबलो.

आणि मग चाचा आले. ऐंशीच्या पुढचे आहेत, तंबोऱ्याची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवण्यात, हयात गेली, नाव छापायची त्यांना हौस नाही. मी मोबाइलवरून तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं. पांढरी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा षड्ज. चाचा डोळे मिटून बसले. दोन मिनिटांनी म्हणाले, ‘अण्णा, तंबोरा बरा आहे, पण पंचम चढलाय.’

मी म्हटलं, ‘चाचा, हे रेकॉर्डिंग आहे. चढेल कसा?’

‘बंद कर बघू.’

मी मोबाइल बंद केला. तंबोरा थांबला. पंचम चालूच.

ती माझ्या ॲम्प्लिफायरची घूं होती, ज्याला आम्ही मेकॅनिक लोक ‘हम’ म्हणतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची. तिला एकाच दिशेनं वाहायला लावणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की तिचे दर सेकंदाला १०० झटके होतात. पांढरी एकच्या तंबोऱ्यात पहिली तार मंद्र पंचमाची, ती येते ९८ हर्ट्झवर. माझी हम १०० वर. दोन्हींमधल्या फरकानं सेकंदाला दोनदा जी लाट येत होती, ती चाचांनी चहा संपायच्या आत पकडली. मी महिनाभर त्या खोलीत झोपत होतो आणि मला वाटत होतं तो फ्रिज आहे.

दोष माझा. कंडेन्सर भरणारा प्रवाह ज्या तारेतून झटके देत परततो, तिच्याच मधोमध मी गाण्याची ग्राउंड, म्हणजे परतीची तार, टेकवली होती. सहा इंचांची वेगळी तार ओढून ती थेट कंडेन्सरच्या पलीकडे एका बिंदूवर नेली. खर्च शून्य. घूं गेली. तुमच्या लेखात स्पीकरच्या ४० हजारांच्या केबलचं कौतुक आहे. माझ्या स्पीकरला घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तार आहे. स्पीकर तीन मीटरवर, जाऊनयेऊन सहा मीटर तार, तिचा रोध ०.०५ ओहमच्या आत. समोर स्पीकर ८ ओहमचा. या फरकासाठी ४० हजार देणाऱ्याला माझा नमस्कार. पैसे त्याचे आहेत.

पुढच्या गुरुवारी चाचा पुन्हा आले. या वेळी म्हणाले, ‘पंचम उतरला. पण वरचं टोचतंय. जवारी फार उघडी आहे. दोरा सरकव.’ तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर इकडचा तिकडे केला की नाद उघडतो किंवा मिटतो, हे वाचकांना ठाऊक असेल. माझ्याकडे दोरा कुठला? पण अर्थ कळला. ट्विटरच्या वाटेत २.२ ओहमचा एक रेझिस्टर घातला, पांढरा सिमेंटचा, १० वॅटचा, पंधरा रुपयांचा. ट्विटर साधारण दोन डेसिबलनं खाली बसला. चाचांनी ऐकलं, ‘हां’ म्हणाले आणि दुसरी खारी घेतली. माझ्याकडे मोजणीचं यंत्र असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं, फक्त त्यानं खारी घेतली नसती.

तिसरी चूक सौभाग्यवतींनी काढली. एकदा सगळं सोडून पुन्हा जोडल्यावर त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, ‘आज गाणारी बाई कुठं बसलीय कळत नाही.’ एका बाजूची तार उलटी लागली होती. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता. दीड व्होल्टचा सेल टेकवून बघितलं, डावा पडदा बाहेर आला, उजवा आत गेला. अदलाबदल केली. बाई पुन्हा मधोमध बसली.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग अडलंय काय? अडलंय ते नकली मालानं, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

माझ्या पहिल्या दोन आयसी मी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून आणल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. निम्म्या दरात मिळाल्या तेव्हाच समजायला हवं होतं. रेल्वेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वस्ताचा मोह होऊ नये, पण झाला. तीन आठवडे त्या व्यवस्थित चालल्या. मग एका रात्री, घरात पाहुणे, आवाज जरा वर, आणि डाव्या वूफरचा पडदा पुढे झेपावला तो तिथेच अडकून राहिला. वार्निश जळल्याचा वास आला, जाळीतून धुराची एक रेघ. आयसी आतून शॉर्ट झाली होती आणि पुरवठ्याचे तेहतीसच्या तेहतीस व्होल्ट सरळ वूफरच्या कॉइलवर गेले. अशा वेळी स्पीकरची जोडणी तोडणारा प्रोटेक्शनचा रिले मी बसवायचा टाळला होता, दोनशे रुपयांसाठी. ती चूक दुकानदाराची नाही, माझी.

दुसऱ्या दिवशी ती आयसी व्हाइसमध्ये धरून फोडली. अस्सल आयसीच्या आतली चकती तुरीच्या डाळीएवढी असते. यातली मोहरीएवढी. वरची अक्षरं थिनरच्या बोळ्यानं पुसली तर निघून आली आणि खालून दुसरीच, अर्धवट खरडलेली अक्षरं डोकावली. दुसरी, अजून चालत असलेली आयसीही तशीच निघाली. ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांत हे सगळ्यांना माहीत आहे. २एससी ५२०० आणि २एसए १९४३ या ट्रान्झिस्टरांच्या जोडीचं तर असं झालंय की आधी नकली धरायची, मग अस्सल ठरते का ते बघायचं. नंतर मी अधिकृत वितरकाकडून मागवल्या, दर दुप्पट पडला, त्या अजून चालू आहेत.

माझ्यासारख्याचं एक वूफर गेलं, दुसरं आणलं. पण माझ्याकडे आयटीआयची दोन मुलं शिकायला यायची. त्यातल्या एकानं खाऊचे आणि गणपतीत मिळालेले पैसे साठवून सामान घेतलं, सगळं बरोबर जोडलं. मी स्वतः तपासलं, एकही डाख कच्चा नव्हता. चालू केलं तर दहा मिनिटांत ठप्प. त्याला वाटलं आपल्याला जमत नाही. मी पुन्हापुन्हा सांगितलं की बाबा, तुझं बरोबर आहे, सामान खोटं आहे. तो मान हलवत होता, पण पुन्हा आला नाही. ६००० वॅटचा डबा विकत घेऊन त्याचं समाधान झालं असेल, किंवा झालं नसेल. सहा हजारांचं लेबल आणि खोट्या आयसीवरचं लेबल, दोन्ही एकाच छापखान्यातली आहेत असं मला वाटतं.

(‘साउंडचा छंद’ म्हटलं की लोकांना मिरवणुकीतली भिंत आठवते आणि ते माझ्याकडे संशयानं बघतात, म्हणून हेही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या शेजाऱ्यांना चार वर्षं माझ्याकडे स्पीकर आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्यांनाही सुतारासारखं वाटलं, देव्हारे आहेत.)

दुकानदारांचं मी काही करू शकत नाही. तुमच्याकडे मात्र मागणं आहे, कारण ते अर्धं पान तुमचं आहे. औषधाच्या आणि गुंतवणुकीच्या जाहिरातीखाली तुम्ही बारीक अक्षरात का होईना, सूचना छापता. तशी एक ओळ स्पीकरच्या जाहिरातीखालीही येऊ द्या: आरएमएस वॅट किती. जाहिरातदार आकडा देत नसेल, तर निदान ॲडॉप्टरवर काय लिहिलंय तेवढं छापा. गुणाकार वाचक करतील. आणि पुरवणीत पुन्हा या विषयावर लेख घ्याल तेव्हा तीन लाखांच्या शेजारी बारा हजारांचं खोकंही ठेवून ऐका. चाचा यायला तयार आहेत. खारी लागेल.

शेवटी, कुणाला बांधायला घ्यायचंच असेल तर त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. नवं यंत्र पहिल्यांदा थेट प्लगमध्ये घालू नका, सिरीज बोर्डावर लावा. १०० वॅटचा, तारेचा जुना पिवळा बल्ब मालिकेत. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, हात लावू नका. बल्ब प्रवाह अडवून धरतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, आणि तारेचे बल्ब आता किराणा दुकानात मिळत नाहीत. मी बंद व्हायच्या बेतात असलेल्या एका दुकानातून सहा आणून ठेवले, तुमच्याच वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन गेले. चार शिल्लक आहेत. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात आहे. त्या आयटीआयच्या मुलानं हे वाचलं, तर एक त्याचा.

आपला,
रेल्वेतून निवृत्त एक वाचक,
ब्राह्मणपुरी, मिरज